अलक्ष्मी जाते कोठे?

दीपावली हा दिव्यांचा उत्सव खरा. परंतु दिव्यांच्या आधी घराघरांतून फिरते ती केरसुणी. दसऱ्याचे सोने लुटून झाले की गृहिणी पदर खोचून उभी राहते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पेट्यांना ऊन दाखविले जाते, कोनाड्यांतील जळमटे निघतात, अंगणाला शेणाचा सडा पडतो. वर्षभर ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेविलेल्या वस्तू या पंधरा दिवसांत घराबाहेर पडतात. लक्ष्मी यावयाची तर घर मोकळे व निर्मळ हवे, ही त्यामागील श्रद्धा.

या श्रद्धेचा मोठेपणा असा की, तिने झाडण्याच्या साधनासही देवत्व दिले. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. शिंदीच्या पानांची, मातंग समाजातील कारागिरांच्या हातांनी बांधलेली ती साधी केरसुणी त्या दिवशी ‘लक्ष्मी’ या नावाने ओळखली जाते. जी वस्तू दाराआड उभी राहावयाची, तिला देवघराशेजारी मान मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे.

लक्ष्मीपूजनाची रात्र सरू लागली की आणखी एक विधी असतो. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्यास अलक्ष्मीनिःसारण म्हटले आहे. मध्यरात्र उलटल्यावर घरच्या स्त्रियांनी सूप व डिंडिम वाजवीत अलक्ष्मीला बाहेर घालवावे, असे तो विधी सांगतो. आपल्याकडील अनेक खेड्यांत त्याचे साधे रूप अद्याप पाहावयास मिळते. पाडव्याच्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, घर झाडून निघालेला केर जुन्या सुपलीत भरावयाचा, जुनी केरसुणी सोबत घ्यावयाची, थाळी वाजवीत तो गावाच्या कडेला नेऊन टाकावयाचा, आणि इडापिडा टळो व बळीचे राज्य येवो अशी इच्छा करीत, मागे न पाहता घरी परतावयाचे.

मागे न पाहण्याच्या त्या नियमाविषयीच आज दोन शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. कारण शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील रस्त्यांच्या कडा, ओढ्यांचे काठ आणि गावांच्या वेशी पाहिल्या म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो की, घराबाहेर घालविलेली ही अलक्ष्मी पुढे जाते तरी कोठे?

ज्येष्ठेची कथा

या प्रश्नाचे उत्तर पुराणानेच एका कथेतून दिले आहे. समुद्रमंथनाच्या वेळी लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण ज्येष्ठा, म्हणजेच अलक्ष्मी, बाहेर आली. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात तिची हकीकत येते. थोरलीचा विवाह झाल्यावाचून आपण विवाह करणार नाही, असे लक्ष्मीने म्हटल्यावरून विष्णूने ज्येष्ठेला उद्दालक ऋषींच्या हाती दिले. ऋषींच्या आश्रमात वेदघोष चाले, होमाचा सुगंध दरवळे, जागा सारवून स्वच्छ असे. ज्येष्ठेला तेथे राहवेना. जेथे कलह असेल, अस्वच्छता असेल, अतिथीचा अनादर होत असेल, तेथेच मला सुख वाटते, असे तिने सांगितले. तेव्हा उद्दालकांनी तिला एका पिंपळाखाली बसविले, ‘तुझ्याजोगी जागा शोधून येतो’ असे सांगून ते निघून गेले, आणि पुन्हा परतले नाहीत. तिचा आक्रोश ऐकून अखेर विष्णूने तिला त्या पिंपळापाशीच वास्तव्य दिले. शनिवारी लक्ष्मी आपल्या थोरल्या बहिणीच्या भेटीस तेथे येते, म्हणून त्या दिवशी पिंपळाला स्पर्श करावा, असा समज त्यातूनच रूढ झाला.

या कथेत अलक्ष्मीचा वध नाही. महिषासुर मारला गेला, नरकासुर मारला गेला. परंतु अलक्ष्मी नष्ट होत नाही. तिला जागा द्यावी लागते, आणि ती न दिल्यास जेथे बसवू तेथे ती ठाण मांडून राहते. कचऱ्याचे अगदी असेच आहे. ‘जागा पाहतो’ म्हणून गावाबाहेर टाकलेला पहिला ढीग पुढे वर्षानुवर्षे तेथेच वाढत जातो.

आणि पिंपळाचे म्हणाल, तर तेही अक्षरशः खरे ठरले आहे. तडकलेल्या काचेच्या देवांच्या तसबिरी, भंगलेल्या मूर्ती, जुनी पंचांगे आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेविलेले निर्माल्य हे सारे आपण श्रद्धेने पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवितो. टाकले असे म्हणवत नाही, म्हणून ठेविले म्हणतो. पाऊस पडतो, चित्रांचे रंग ओघळतात, काचा पारावर पसरतात आणि देवाच्या प्रतिमेची जी विटंबना आपणांस नको होती, तीच आपल्या हातून घडते.

उकिरड्यावरची पणती

पूर्वी हा प्रश्न का पडला नाही? त्या काळची माणसे अधिक पवित्र होती असे नव्हे. त्या काळच्या केराला जाण्यास जागा होती. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, भाजीची देठे, खरकटे, झाडलोटीची माती, पालापाचोळा, सणाला आलेल्या पळसाच्या पत्रावळी व द्रोण हे सारे उकिरड्यात जाई. तेथे त्याचे खत होई, आणि ते खत शेताला मिळे. दिवाळीत तुळशीपाशी, विहिरीपाशी, गोठ्यात पणती लावताना एक पणती उकिरड्यावरही ठेवण्याची चाल आपल्या खेड्यांत होती व काही ठिकाणी आजही आहे. ज्या केरातून पुढच्या वर्षीचे धान्य यावयाचे, त्याला एका दिव्याचा मान दिलेला होता.

शहापूर व मुरबाडच्या भातशेतीत याहून जुना एक संबंध आहे. येथील शेतकरी पावसापूर्वी भाताच्या रोपांची जागा भाजून काढतो. शेण, सुके गवत, पालापाचोळा, झाडांची टहाळी यांचे थर रचून, वर माती पसरून ते पेटवावयाचे, यालाच राब भाजणे म्हणतात. घराचा व गोठ्याचा केरही त्यात जाई. त्या राखेत पहिल्या पावसाबरोबर बी पडे. घर, गोठा, रान आणि शेत यांतून केर असा फिरत राही.

घरातील इतर वस्तूंचेही तसेच होते. फाटलेल्या लुगड्यांची गोधडी होई. उरलेले कपडे बोहारीण नेई व भांडे देई. धनत्रयोदशीला नवे पितळी भांडे घ्यावयाचे झाले तर जुन्या भांड्याची मोड तांबट घेई. रद्दीच्या पुड्या वाण्याकडे जात. ‘पुनर्वापर’ हा शब्दही ज्यांना ठाऊक नव्हता, त्या आपल्या आज्या तो आयुष्यभर करीत होत्या.

मग बदलले काय? केराची जात बदलली. दुधाची पिशवी, तेलाची पिशवी, वेफर्सची व गुटख्याची पुडी, शांपूची पुडी, थर्माकोलचे ताट, लहान मुलांचे व स्त्रियांचे वापरून टाकण्याचे कपडे, बंद पडलेला दिवा, संपलेला सेल यांपैकी एकही वस्तू उकिरड्यात कुजत नाही. चकचकीत पुडीत प्लास्टिक व धातूचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते सहजी वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही ती पुडी उचलीत नाही. आणि हाच केर जुन्या सवयीने राबात गेला तर तो जळतो, परंतु त्याची राख शेताला मानवत नाही. प्लास्टिक अर्धवट जळताना विषारी धूर निघतो, आणि त्यातील काही प्रकारांतून डायॉक्सिनसारखी जहाल द्रव्ये बाहेर पडतात. ती अन्नावाटे माणसाच्या शरीरात जाऊन तेथे वर्षानुवर्षे राहतात. आपली सवय जुनीच राहिली व वस्तू मात्र नव्या आल्या, त्यातून हे संकट उभे राहिले आहे.

वसुबारसेची गाय

दिवाळीचा पहिला दिवा वसुबारसेला लागतो. सवत्स धेनूची पूजा करून तिला घास भरविला जातो. व्रतस्थ स्त्रिया त्या दिवशी गहू व मूग वर्ज्य करतात. मुरबाड व शहापूरच्या डोंगरपट्ट्यांतील महादेव कोळी व ठाकूर बांधव हाच दिवस वाघबारस म्हणून पाळतात व रानात चरणाऱ्या गुरांचे रक्षण होवो अशी प्रार्थना करतात.

परंतु आज वाघापेक्षा मोठे भय त्या गुराला रस्त्याच्या कडेच्या ढिगाचे आहे. आपण शिळी पोळी, भाताचे खरकटे, भाजीची साले पिशवीत घालून गाठ मारतो. गाईला गाठ सोडता येत नाही. वास आला की ती पिशवीसह घास घेते. गुराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कोठ्यात अन्न साठते व तेथून ते रवंथासाठी परत येते. प्लास्टिक मात्र पचत नाही, पुढेही सरकत नाही. एकेक पिशवी करीत त्याचा गोळा वाढत जातो आणि चाऱ्याला जागा उरत नाही. पोट फुगलेले दिसते व गाय उपाशी मरते. २०२१ साली हरियाणातील फरीदाबाद येथे मोटारीची धडक बसलेल्या एका गाभण गाईवर शस्त्रक्रिया करण्यात आली, तेव्हा तिच्या पोटातून ७१ किलो कचरा निघाला. त्यात प्लास्टिक होते, खिळे होते, नाणी होती. गायही वाचली नाही व वासरूही वाचले नाही.

बारसेच्या सायंकाळी जिच्या पायांवर पाणी घालावयाचे, तिच्याच पुढे पाडव्याच्या पहाटे असा घास ठेवावयाचा, हे कोणत्याही श्रद्धाळू घराला रुचणार नाही. तरी ते घडते. कारण टाकणारा हात आणि खाणारे तोंड यांची भेट होत नाही. ‘मागे न पाहता’ परतण्याचा परिणाम तो हाच.

अभ्यंगस्नानाचे पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुंबईत ज्या पाण्याने लाखो लोक अभ्यंगस्नान करतात, ते पाणी कोठले, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. तानसा तलाव शहापूर तालुक्यातील. तो १८९२ मध्ये पुरा झाला. भातसा धरण शहापूर तालुक्यातील. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसेचे असते. हे पाणी धरणातून नदीच्या पात्रात सोडतात, भिवंडी तालुक्यातील पिसे येथील बंधाऱ्यापाशी ते उचलतात व पांजरापूर येथे शुद्ध करून शहराकडे पाठवितात. म्हणजे धरणापासून पिशापर्यंत हे पाणी उघड्या नदीतून, गावांच्या कडेने वाहत जाते. शहापूर गावातून वाहणारी भारंगी त्याच खोऱ्यातली. मुरबाडची काळू पुढे टिटवाळ्यावरून जाते, भातसेला बरोबर घेते व उल्हास नदीला मिळते. मुरबाडच्या डोंगरांतील पाणी साठविणाऱ्या बारवीवर कल्याण-डोंबिवलीपासून अंबरनाथपर्यंतच्या वसाहती व कारखाने अवलंबून आहेत.

हे पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही व्यथा सर्वश्रुत आहे. तिच्यात आता ही दुसरी भर पडली आहे. ओढ्याच्या काठी टाकलेला केर चार महिने पावसाबरोबर खाली जातो. पुलाखालच्या मोऱ्यांत पिशव्या अडकतात, पाणी तुंबते, नदी वस्तीत शिरते. जुलै २०२४ मध्ये भारंगीला पूर आला व शहापुरात पाणी घुसले, ते मुख्यतः मुसळधार पावसामुळे हे खरे; परंतु ज्या पात्राची वाट कचऱ्याने अरुंद केली आहे, ते पात्र पुराच्या दिवशी माणसाला सवड देत नाही, हेही तितकेच खरे.

नदी ही देवता आहे असे आपण मानतो. तिच्या पात्रात निर्माल्य सोडणे हे तिचे पूजन समजले गेले, तेव्हा त्या निर्माल्यात फुले, दूर्वा, बेल व तुळस यांवाचून काही नव्हते. आज हारात प्लास्टिकची दोरी असते, वर चमकीची पट्टी असते आणि ते सारे पिशवीसकट पुलावरून फेकले जाते.

घंटागाडीची घंटा

‘मग आम्ही करावे काय? आमच्याकडे गाडीच येत नाही,’ असे कोणी म्हणेल. ही तक्रार खोटी नाही. शहापूर व मुरबाड ही दोन्ही गावे २०१५ मध्ये ग्रामपंचायतीतून नगरपंचायती झाली. उरलेला सारा मुलूख ग्रामपंचायतींचा. आसनगाव, वासिंद, खर्डी अशा रेल्वेकाठच्या गावांत इमारती उभ्या राहिल्या. एकेका इमारतीत एका पाड्याइतकी कुटुंबे आली. परंतु व्यवस्था खेड्याचीच राहिली. इमारतीतील घरास गोठा नाही, परसू नाही, शेत नाही. म्हणून त्याचा ओला केरही जाण्यास जागा नाही. महामार्गावरील ढाबे, माळशेज घाटातील व माहुलीच्या पायथ्याची पावसाळी गर्दी, शेतघरांतून शनिवार-रविवारी येणारी मंडळी यांचा केर वेगळाच. आणि तो टाकावा कोठे? एका बाजूस वनखात्याची जमीन, दुसऱ्या बाजूस धरणांचे पाणलोट, तिसऱ्या बाजूस खासगी शेते. कोणत्याही गावाला आपल्या शिवेवर दुसऱ्या गावाचा ढीग नको असतो, आणि ते नको म्हणणे रास्तच आहे.

जेथे गाडी येते तेथीलही गाऱ्हाणी ऐकावयास मिळतात. गाडीची वेळ ठरलेली नसते. ती येते तेव्हा घरातील कर्ती माणसे कसारा लोकल किंवा कल्याणची एस.टी. गाठण्यास निघून गेलेली असतात. एक दिवस गाडी चुकली की पिशवी दारात तीन दिवस कुजते, आणि मग ती अंधार पडल्यावर कोपऱ्यावर जाऊन पडते. घरात ओला व सुका केर निराळा ठेविला, तरी गाडीत तो एकत्र होतो असे एकदा डोळ्यांनी पाहिले की दुसऱ्या दिवसापासून गृहिणी निराळा ठेवण्याचे श्रम करीत नाही. घरात केर मिसळतो म्हणून गाडीत मिसळतो, आणि गाडीत मिसळतो म्हणून घरात मिसळतो, असे हे चक्र झाले आहे.

यात कायद्याची उणीव नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावची स्वच्छता पंचायतीच्या कर्तव्यांत घातली आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घराने आपला केर ओला, सुका व घरगुती घातक अशा तीन भागांत निराळा करावा असे सांगितले. १ एप्रिल २०२६ पासून अमलासाठी काढलेल्या नव्या नियमांनी त्याचे चार भाग केले. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये पातळ पिशव्या व थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या कित्येक वस्तू देशभर बंद झाल्या. तरीही बाजारपेठेत त्या मिळतात व आपण त्या घेतो. कायदा दारापर्यंत येतो; दाराच्या आत व्रत लागते.

पूजेच्या आरंभी आपण घंटा वाजवितो. देवांनी यावे व असुरांनी जावे, असा त्या नादाचा हेतू सांगितला आहे. कचऱ्याच्या गाडीला घंटागाडी हे नाव ज्याने दिले, त्याच्या मनात हे होते की नाही ते कोणास ठाऊक. पण अर्थ नेमका जुळला आहे. पूजेची घंटा ठरल्या वेळी वाजते, तशी गाडीचीही ठरल्या वेळी वाजली पाहिजे, हे पंचायतीचे काम. ती ऐकू येताच दोन निराळे डबे घेऊन दारात यावे, हे आपले काम.

जवळची आणि दूरची उदाहरणे

हे होऊ शकते का, असा संशय घेण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले हे गाव आकाराने शहापूर-मुरबाडच्याच जातीचे. तेथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत २०१५ नंतर नागरिकांनी घरातूनच केर निराळा देण्यास आरंभ केला. ओल्या केरापासून खत व इंधनवायू होऊ लागला, सुक्याचे वीसहून अधिक प्रकार निवडले जाऊ लागले, आणि जेथे कचऱ्याचा ढीग होता, तेथे बाग उभी राहून बाहेरगावची माणसे ती पाहावयास येऊ लागली. आपल्या शेजारच्या कल्याणात आधारवाडीचा डोंगर कित्येक दशके धुमसत होता. २०२० पासून तेथे निराळा न केलेला कचरा स्वीकारावयाचा नाही असा कडक नियम आला, आणि २०२१ च्या मे महिन्यात त्या डोंगरावर नवा कचरा टाकणे थांबले.

ज्या पाड्यांवर गाडी पोहोचणे कठीण, त्यांनी जपानमधील कामिकात्सु या डोंगराळ खेड्याची गोष्ट ध्यानात घ्यावी. शिकोकु बेटावरील दीड हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. तेथे कचऱ्याची गाडी फिरतच नाही. २००३ साली गावाने कचरा शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला. ओला केर घरच्या घरी कुजवावयाचा आणि उरलेला ४५ प्रकारांत निवडून स्वतः केंद्रावर नेऊन द्यावयाचा, असा नेम तेथील वृद्ध स्त्री-पुरुषही पाळतात. पंचेचाळीस राहोत, आपल्याला तूर्त तीन-चारच साधावयाचे आहेत.

खताचे शास्त्र तर आपल्याच घरचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी जी पद्धत सिद्ध केली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी विटांची टाकी, भिंतींना हवा खेळण्यास भोके, आत पालापाचोळा, शेणकाला व माती यांचे थर. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. शेण थोडे लागते, पालापाचोळा पुष्कळ चालतो. शहापूर-मुरबाडच्या रानात पालापाचोळ्याला तोटा नाही. एका आळीने अशी एक टाकी बांधली तर त्या आळीचा ओला केर शिवेबाहेर जाण्याचे कारणच उरत नाही.

घरातील व्रत

म्हणून दिवाळीच्या या दिवसांत प्रत्येक घराने पुढील गोष्टींचा नेम करावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

ओला केर, म्हणजे साले, देठे, खरकटे, चहाचा चोथा व निर्माल्याची फुले, झाकणाच्या डब्यात निराळा ठेवावा. ज्यांस परसू आहे त्यांनी खड्डा करावा. ज्यांस नाही त्यांनी भोके पाडलेल्या जुन्या डब्यात माती व सुकी पाने घालून गच्चीत वा सज्जात खत करावे. पुढच्या वर्षीची तुळस त्याच खतावर लावावी. गाईला घास द्यावयाचा तर तो हाताने द्यावा, पिशवीत कधीही बांधू नये.

सुका केर धुऊन, वाळवून ठेवावा. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा तोडून निराळा करू नये; तो कपटा पुढे कोणाच्याच हाती लागत नाही. रद्दी, काच, पत्रा व बाटल्या भंगारवाल्यास द्याव्यात. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर तशी खूण करावी. बंद दिवे, सेल व मुदत संपलेली औषधे यांचा डबा निराळा. वापरलेली सॅनिटरी नॅपकिन व बाळांची लंगोटे कागदात बांधून, खूण करून स्वतंत्र द्यावीत. हा शेवटचा मजकूर धार्मिक पानावर लिहिण्याचा नाही असे कोणास वाटेल. परंतु ज्या बहिणींना हातांनी तो केर निवडावा लागतो, त्यांचा विचार करणे हाही धर्मच आहे.

देवांच्या जुन्या तसबिरींची चौकट, काच व कागद घरीच निराळे करावेत. काच व चौकट भंगारात जावी. प्रतिमेचा कागद पाण्यात भिजवून, त्याचा लगदा करून, नमस्कारपूर्वक झाडाच्या मुळाशी पुरावा. भंगलेली मातीची मूर्ती घरीच बादलीत विरघळवून ती माती कुंडीत घालावी. पणत्या मातीच्या घ्याव्यात, आणि पुढील वर्षासाठी धुऊन ठेवाव्यात. फटाक्यांचा केर सकाळी आपल्या दारापुढून आपणच उचलावा. जेवणावळीस पळसाच्या पत्रावळी आणाव्यात. म्हणजे त्या लावणाऱ्या रानातल्या घरांतही दिवाळी होईल.

आणि पंचायतीकडे मागावयाचे ते एकजुटीने मागावे. गाडीची ठरलेली वेळ, गाडीत दोन निराळे कप्पे, आणि निवडलेला केर पुढे कोठे जातो याचा ग्रामसभेत दरवर्षी हिशेब. स्वतः निराळा केर देणाऱ्या गावाच्या या मागणीस नकार देणे कोणासही जड जाईल.

पोस्त

दिवाळीत आपण सफाई कामगारांस पोस्त देतो. ती अवश्य द्यावी, हात आखडता घेऊ नये. परंतु फटाक्यांच्या रात्रीनंतर पाडव्याच्या पहाटे, आपण उटणे लावून फराळाला बसतो त्या वेळी, जो माणूस आपल्या गल्लीचा केर उपसतो, त्याला त्या केरात काचेने हात कापावा लागणार नाही, कुजक्या अन्नात कोपरापर्यंत हात घालावा लागणार नाही, अशी तजवीज करणे ही त्याहून मोठी पोस्त होय.

संत गाडगेबाबांनी दिवसा खराट्याने गाव झाडले व रात्री कीर्तनाने लोकांची मने झाडली. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले व महाराष्ट्रातील हजारो गावांनी त्यात भाग घेतला. त्यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. तो हार सुकल्यावर कोठे जातो, इकडे बाबांचे लक्ष आधी गेले असते.

वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहाल, तेव्हा तिच्या शेजारी केराचे दोन डबेही घासूनपुसून ठेवावेत. पाडव्याच्या पहाटे अलक्ष्मीला घराबाहेर न्याल, तेव्हा तिला नेमकी जागा द्यावी. कुजणारी मातीकडे जावी, न कुजणारी निवडणाऱ्याकडे जावी. एकदा मागे वळून आपल्या वेशीकडेही पाहावे. बळीराजा हा शेतकऱ्याचा राजा. तो वर्षातून एकदा आपली भूमी पाहण्यास येतो, अशी आपली श्रद्धा आहे. येताना तो घराचा उंबरठा मागाहून ओलांडील. आधी त्याला गावाची वेस लागेल, ओढा लागेल, शेताचा बांध लागेल. तेथेही त्याला दिवाळी दिसावी.

ही दीपावली आपणां सर्वांस आरोग्याची व समृद्धीची जावो.